सीट कोण धरणार

शिवणक्लासवाल्या बाई पन्नाशीत मनाचा हिय्या करून सायकलच्या ट्रॅकवर आपल्या पहिल्या शर्यतीसाठी नाव द्यायला आल्या होत्या. रांगेत पुढे बापलेकीचं चाललं होतं. नको म्हटलं तरी बाईंचे कान तिकडेच.

"तुझी सीट धरायला मी आहे की. परकं माणूस कशाला?"

"बाबा, पाय पेडलला बांधलेले असतात, तोल जाऊ नये म्हणून मागून धरायचं. शिट्टी झाली की सोडायचं. बस्स."

"मला शिकवतेस? तुझ्या दादाला मीच धरलं होतं."

"आणि ढकललंत. धरणाऱ्याने ढकललं की खेळाडू बाद."

"अगं, जरासा हात लागला. पोरगं पुढे जावं म्हणूनच ना?"

"घरी येऊन वर त्यालाच बोललात. याच्या पायात दमच नाही म्हणालात."

"रागाच्या भरात गेलं तोंडातून."

"तोही गेलाच की घरातून. त्याचीच सायकल चालवतेय मी."

"आज नाही ढकलणार. तुझी शप्पथ."

"बाबा, आत्ता माझ्या पाठीवर कुणाचा हात आहे?"

"रांग सरकली ना, म्हणून जरा..."

मुलगी गर्रकन मागे वळली, पण बापाकडे नाही.

"काकू, माझी सीट धराल का?"

"मी? अगं, मीच इथे नवी. मला काय येतंय?"

"काही यावं लागत नाही, काकू. फक्त सोडायचं असतं."