थंडीचा आवक नंबर

तुम्ही मोबाइलवर हवामान बघत बसता ना, त्यावरून आठवलं. नव्वदच्या दशकात मी धुळ्याच्या एका सरकारी कार्यालयात कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. मुंबईहून हवामानाचे इशारे थेट आमच्या कॉम्प्युटरवर यायचे. एका सोमवारी आला, "बुधवारपासून कडाक्याची थंडी. केळीच्या बागांत धूर करा."

मी हेडक्लार्कना विचारलं, "भाऊसाहेब, तालुक्यांना फोन लावू?"

"आधी प्रिंट काढा. आवक नंबर पडल्याशिवाय पत्र आलं असं म्हणता येत नाही."

प्रिंट निघाली, नंबरही पडला, पण सही करणारे साहेब दौऱ्यावर. सही झाली गुरुवारी, मग पत्र पोस्टाने शिरपूरला निघालं.

पुढच्या सोमवारी शिरपूरकडचे एक नाना केळीचं काळं पडलेलं पान घेऊन हजर. हेडक्लार्कनी रजिस्टर उघडून बोट ठेवलं, "नाना, आमच्याकडे उशीर नाही. इशारा सोमवारीच आलाय, हा बघा नंबर."

नानांनी ते पान रजिस्टरवर ठेवलं.

"भाऊ, पुढला साल थंडीना बी आवक नंबर पाडा. मंग साहेबनी सही व्हस तोवर ती बी भाईर बठी राही."