पेशंट कुठाय?

…आणि वर मलाच विचारतात, "बाबा, पण तुम्ही तिथं आडवे पडलातच कशाला?" घ्या! म्हणजे चूक माझी! तीन जिने चढायला लावले, चौऱ्याहत्तर वर्षांचे हे गुडघे, त्यातला उजवा कुरकुरतो आणि डावा तर ऐकतच नाही, आणि समोर सहा खाटा, पांढऱ्याशुभ्र चादरी, मऊ उशा… माणूस काय करेल? उशीला नमस्कार करून उभा राहील? पडलो आडवा! दोन मिनिटं! त्या दोन मिनिटांनी माझं काय करून ठेवलंय ते तुम्हाला सांगतो, पण पहिल्यापासून ऐका, नाहीतर आमच्या चिरंजीवांसारखं शेवटचं तेवढं ऐकून मान हलवत बसाल.

तर आमची नात. शाळा संपली, आणि एक दिवस ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "मला नर्स व्हायचंय. प्रॅक्टिकल नर्सिंगचा कोर्स करायचाय." एवढंच बोलली. ही पोर आधीच कमी बोलते, घरात आम्ही बाकीचे तिच्या वाटचं बोलून टाकतो ना! लगेच चिरंजीव सुरू. त्यांनी मोबाइलवर एक काचेचं कॉलेज शोधून काढलं. सूनबाई म्हणाल्या, "इतक्या लांब? त्यापेक्षा आपल्या कोपऱ्यावरचं बघा ना, पाच वाजता घरी येईल पोर." आणि पोरीला विचारलं तर काय म्हणते? "तुम्ही ठरवाल ते." झालं! हे 'तुम्ही ठरवाल ते' फार वाईट असतं हो. हिची आजी पण असंच म्हणायची, जन्मभर. मग मी ठरवायचो, आणि चुकायचो.

काचेच्या कॉलेजची मुदत शनिवारी पाचपर्यंत. पाचच्या आत 'हो' कळवलं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या पोरीला. चिरंजीवांना सुट्टी नाही, सूनबाईंना सवड नाही, मग उरलं कोण? घरातलं रिकामं भांडं! "बाबा, तुम्ही जरा बघून या. तुम्हाला काही कळायची गरज नाही, फक्त बरोबर जा." हे असं सांगतात मला. बरोबरच आहे म्हणा! मी चौथी नापास, चाळीस वर्षं गॅरेजात गाड्यांखाली आडवा पडून काढलेली, मला काय कळतंय!

गेलो. आधी ते काचेचं. अहो, कॉलेज म्हणायचं की घड्याळाचं दुकान? दार आपोआप उघडतं. मी ढकलायला गेलो आणि सरळ आत, टेबलापाशीच. टेबलामागं एक बाई, इतकी गोड, इतकी गोड, की आपल्याला डायबिटीस होईल. "या ना आजोबा, बसा ना आजोबा, पाणी घेणार ना आजोबा?" खरं सांगतो, पाणी थंडगार होतं आणि खुर्ची मऊ होती, मी पण जरा विरघळलो. म्हटलं, चिरंजीव अगदीच गाढव नाहीत.

मग तिनं आम्हाला त्यांचा हॉल दाखवायला नेलं. आत खाटेवर एक बाहुला. पुरुषभर उंच, रबराचा, छाती वरखाली होतेय, डोळ्यांची उघडझाप करतोय. गोड बाईनं बटण दाबलं तर बोलायला लागला! "मला दुखत आहे. मला दुखत आहे." कुठं दुखतंय रे बाबा? ते नाही सांगत. दुसरं बटण दाबलं, गप्प झाला.

मी म्हटलं, "बाई, बाहुला झकास आहे. पेशंट कुठाय?"

"हाच पेशंट ना आजोबा! सगळं करून बघता येतं याच्यावर. इंजेक्शन दिलं तरी चालतं, दहा वेळा चुकलं तरी चालतं."

"ते चालतं हो. पण खरा? जिवंत? ओरडणारा?"

"तो शेवटच्या वर्षी ना. दोन आठवडे. लांबून निरीक्षण."

लांबून! अहो, मी गॅरेजात पोरांना लांबून शिकवलं असतं तर गावातली एक गाडी थांबली नसती, मग समोर भिंत असो की माणूस! आणि एका बाहुल्याला पोरी किती, विचारलं. तीस. म्हणजे त्या बिचाऱ्याला पण तिसाव्या पोरीपर्यंत खरंच दुखायला लागत असेल.

नातीनं नुसती त्या बाहुल्याची उशी सरळ केली. वाकडी होती जरा.

मग दुसरं, सूनबाईंचं, कोपऱ्यावरचं. खाली बाथरूमच्या टाइल्सचं दुकान, वर कॉलेज. दारात एक गृहस्थ बसलेले, त्यांनी वहीत आमची नावं लिहिली आणि म्हणाले, "प्रिन्सिपॉलसाहेबांना भेटा, आतल्या खोलीत." आम्ही आत जाऊन बसलो, तर मागनं तेच गृहस्थ आले, कोट चढवला आणि टेबलापलीकडे जाऊन बसले! "बोला, काय काम काढलंत?" आता काय बोलायचं? मी म्हटलं, "साहेब, बाहेरच्या क्लार्कनं पाठवलंय." तर म्हणाले, "हो, चांगला माणूस आहे तो."

खाट होती एक. तिच्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, वर पंख्याचं खोकं, आणि खोक्यावर कोणाचा तरी डबा.

"साहेब, पेशंट कुठाय?"

"आहेत की! व्हिडिओ आहेत. भिंतीवर दिसतात. एकदम मोठे." आणि हात पसरून दाखवतात, मासा पकडल्यासारखे!

"अहो पण हात कुठं लावायचा, भिंतीला?"

तर कोटवाले साहेब चिडले. "आजोबा, तुमचं शिक्षण किती?" म्हटलं, चौथी. नापास. "मग!" म्हणाले, आणि असे मागं रेलले, की जणू केस जिंकली. खरंच आहे, मला काय कळतंय! इंजिनाचं चित्र बघून मेकॅनिक झालेला एकही माणूस मी पाहिला नाही, पण माझं पाहणं ते काय!

एवढ्यात चिरंजीवांचा फोन. "बाबा, काचेचं पाहिलंत ना? मग पाचच्या आत कळवून टाका. तिसरं बघायची गरज नाही, ते जुनाट आहे." आता मला कोणी 'गरज नाही' म्हटलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात, ही खोड आहे, काय करणार! नातीला म्हटलं, "तिसरं बघायचं का?" म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, आबा." घ्या!

तिसरं म्हणजे एका जुन्या इस्पितळाच्या मागची इमारत. रंग उडालेला, लिफ्टवर 'बंद आहे' असा बोर्ड, आणि तो बोर्डसुद्धा गंजलेला. आणि वास! फिनेलचा, डेटॉलचा, उकळलेल्या कपड्यांचा… तुम्हाला सांगतो, तो वास नाकात गेला आणि मी पहिल्याच पायरीवर थांबलो. नातीनं विचारलं, "गुडघा का?" म्हटलं, हो, गुडघा.

गुडघा नव्हता. आमची म्हातारी आठ महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा आमच्या घराला हाच वास होता. पहिल्या महिन्यात मला काय कळतंय, पडलीये तर पडू दे, आराम मिळतोय असं वाटायचं. पाठीला जखमा झाल्या तिच्या. ती म्हणाली नाही, 'तुम्ही ठरवाल ते' म्हणणारी बाई ती. मग एक ठेंगणी नर्स यायला लागली, तिनं पहिल्याच दिवशी मला असं झापलं, असं झापलं! "दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, कळलं का? मी रोज चोवीस तास थोडीच असणार! या इकडे, शिका!" आणि शिकवलं. मला, आणि माझ्यामागं उभी राहून बघणाऱ्या या पोरीला. तेरा वर्षांची असेल तेव्हा. पाठ भरून आली म्हातारीची. माणूस नाही राहिलं, पण पाठ भरून आली होती.

असो. कुठं होतो मी? हां, तिसरा मजला. नात म्हणाली, "आबा, तुम्ही इथं टेका, मी ऑफिसात विचारून येते." आणि मी टेकलो. टेकलो, मग जरा कललो, मग पाय वर घेतले. चार नंबरची खाट. डोळा लागलाच होता, तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि आठ-दहा पोरी आत, गणवेशात, हातात ट्रे, आणि त्यांच्यामागं एक बाई, काय आवाज! गॅरेजात असती तर गाड्या भीतीनं चालू झाल्या असत्या.

"परीक्षा चारची, चार वाजून गेले! पेशंट कुठाय?"

म्हणजे बघा! दिवसभर जो प्रश्न मी विचारत फिरलो…

"हे काय बाई, आलेत. झोपलेत," एक पोरगी म्हणाली.

मी म्हणणार, अहो मी तो नव्हे, आणि तोंड उघडलं मात्र, एकीनं खस्सकन थर्मामीटर आत सारला! "बोलायचं नाही काका. ओठ मिटा." मी चौऱ्याहत्तर वर्षांत कोणाच्या सांगण्यावरनं ओठ मिटले नव्हते. मिटले! दुसरीनं मनगट धरलं, तिसरीनं दंडाला पट्टा आवळला, चौथी मोजे काढून माझ्या तळव्यांना बघून म्हणते, "बाई, टाचा फुटल्यात, लिहू का?" लिही बाई, लिही, सगळ्या गावाला कळू दे!

मग बाई कडाडल्या, "पेशंट खाटेवर असताना चादर बदला. तू पुढं ये." एक हडकुळी पोर आली. न सांगता न सवरता मला ढकललं. मी निघालो पलीकडच्या कडेला! चादर माझ्या पायात, एक हात लोंबतोय, तोंडात थर्मामीटर, ओरडायची सोय नाही, नुसतं "ऊं ऊं"! म्हटलं, संपलो. नर्सिंगच्या कॉलेजात खाटेवरनं पडून मेलेला पहिला माणूस.

आणि एक हात आला पाठीशी. थंड, घट्ट. आणि आवाज, "थांब, असं नाही. आधी सांगायचं त्यांना."

आमची नात! हातात ऑफिसातला फॉर्म, तो दातात धरला, मग लक्षात आलं बोलायचंय, म्हणून माझ्याच पोटावर ठेवला, आणि म्हणाली, "आबा, आता मी तुम्हाला कुशीवर घेते हं."

आजीला असंच सांगायची. शेवटी शेवटी आजीला ऐकूही येत नव्हतं, तरी दर खेपेला सांगायची. "आजी, आता तुला कुशीवर घेते हं."

गुडघा दुमडला, खांदा आणि कंबर धरली, आपल्याकडे ओढलं. जुन्या चादरीची वळकटी पाठीशी, नवी अर्धी पसरली, मला त्या उंचवट्यावरनं अलगद अलीकडे, वळकटी पलीकडनं काढली, चादर ताणली. एक सुरकुती नाही. आणि मी? मी गप्प. थर्मामीटर होता म्हणून हं! डोळ्यांत पाणी आलं ते पण त्या पट्ट्यामुळं, फार आवळला होता.

बाईंनी चष्मा खाली घेतला. "तू कुठल्या वर्षाची? माझ्या वर्गात तर नाहीस."

"अजून कुठलीच नाही. फॉर्म न्यायला आलेय."

"हे शिकलीस कुठं?"

"आबांकडनं."

"आबा कोण?"

पोरीनं खाटेकडे बोट केलं. सगळ्या पोरींनी माझ्याकडे बघितलं. बाईंनी स्वतः थर्मामीटर काढला. "म्हणजे तुम्ही आमचे पेशंट नाही?"

"नाही हो! तेच सांगतोय मघापासनं!"

चौकशी केली तेव्हा कळलं, त्यांचा ठरलेला पेशंट म्हणजे एक म्हातारा वॉचमन, त्यानं सकाळीच हे पेशंट व्हायचं काम सोडलं होतं. का? तर या पोरी फार हाताळतात म्हणून.

जिना उतरताना नात मध्येच थांबली. फोन वाजत होता, चिरंजीवांचा, साडेचार झालेले. तिनंच उचलला. "बाबा, काचेचं नको. मला बाहुल्यावर नाही शिकायचं. मी इथं शिकणार." आणि ठेवला! तुम्हाला सांगतो, अठरा वर्षांत त्या पोरीनं एवढं लांब वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, "अगं, मला तरी विचारायचंस!" तर म्हणते, "तुम्हाला काय कळतंय, आबा!" आणि हसली. आजीसारखी हसते, चोरून.

पण थांबा, गोष्ट इथं संपली असती तर मी कुरकुर केली असती का? फॉर्म भरून परत द्यायला गेलो, तर त्या कडाडणाऱ्या बाई म्हणतात, "मुलीला जागा देते. पण आजोबा, तुम्हाला गुरुवार मोकळा असतो ना? मला असाच पेशंट हवाय. हट्टी, चिडका, न ऐकणारा. पोरींना सवय व्हायला हवी." नात शेजारी उभी. मी तिच्याकडे बघितलं, म्हटलं आता तरी म्हण, आबा तुम्ही ठरवाल ते! तर ती बाईंना म्हणते, "मोकळाच असतो."

आता दर गुरुवारी तीन जिने. चार नंबरची खाट. आणि नातीला वर्गात ओळख दाखवायची परवानगी नाही, नियम आहे, म्हणून ती मला 'काका' म्हणते आणि वहीत लिहिते, 'पेशंट तक्रारखोर, भूक उत्तम.' सख्खी नात!

शाळेत मी कधी वेळेवर हजेरी दिली नाही, म्हणून तर चौथीत राहिलो. आणि आता बघा, चारचा ठोका पडला की बाई कडाडतात, "पेशंट कुठाय?" आणि मी गुपचूप हात वर करतो… नुसता हातच. तोंडात थर्मामीटर असतो ना!