खालच्या पानांवरचं ऊन

हसा तुम्ही, पण त्या दिवसापासून मला पिवळ्या रंगाची धास्ती बसलीय.

मी चित्रकलेचा मास्तर. चोपड्याजवळ ओळखीच्या नानांच्या केळीच्या बागेत चित्र काढत बसलो होतो, इम्प्रेशनिस्ट पद्धतीनं. रेघा ओढायच्या नाहीत, नुसते उजेडाचे ठिपके. नाना मागे येऊन उभे राहिले. मी ऐटीत म्हणालो, "नाना, आम्ही मनाचं काही काढत नाही. डोळ्यांना दिसतं तेच काढतो."

"मंग हाई पिवळं काय शे?"

"ऊन."

"ऊन काय खालनाच पानवर पडस?"

नाना धावतच केळींच्या रांगांत शिरले आणि खालचं एक पान कापून घेऊन आले. त्यावर तसेच पिवळे ठिपके, मधे तपकिरी. करपा! हा रोग पसरला तर अख्खी बाग हातची जाते. नानांनी ते पान चित्राशेजारी धरलं.

मग त्यांनी चित्रातल्या मागच्या रांगांवर बोट ठेवलं. तिथेही मी पार कागदाच्या कडेपर्यंत पिवळे ठिपके मारले होते.

"सर," नाना हळूच म्हणाले, "हाई तरी मननं काढेल शे ना?"