शाळा बिघडली, चला

—छे हो, ओल कसली, सावली आहे ती! तळघर एकदम कोरडं. आणि शाळा? अहो, शाळेसाठीच तर येतात इथे सगळे! चांगली शाळा. चांगली म्हणजे... म्हणजे चांगली हो! अशा बघू नका माझ्याकडे, तुमच्याबद्दल नाही बोलत मी.

आम्ही आधी डेट्रॉइट शहरात—तिथली शाळा बिघडली. कोणी बिघडवली? कोणी नाही! आमच्या गोऱ्यांच्या गल्लीत दोन काळी कुटुंबं राहायला आली, आणि आमचे हे म्हणाले, डॉटी, सामान आवर, शाळा बिघडली. सुट्टी चालू होती हो शाळेला! मग शहराबाहेर, मक्याच्या शेतात नवी घरं, नवी शाळा—तीही बिघडली. मग आणखी पुढे, इथे. मुलगा? गॅरी? अहो, टकला झालाय तो! इथे आलो तेव्हाच त्याची शाळा सुटून जमाना झाला होता. पण सवय लागली ना! आणि कमाल ऐका—गॅरीनं शहरातलं आमचंच जुनं घर परत घेतलं! नात त्याच बिघडलेल्या शाळेत जाते. व्हायोलिन वाजवते मेली, आणि काय वाजवते! ऐकायला जायचं तर माझा अर्धा दिवस गाडीत जातो.

हे गेले, तेव्हापासून घर खायला उठतं. आता पुन्हा कुजबुज—शाळा बिघडणार म्हणे. शेजाऱ्यांनी विक्रीची पाटी लावली, म्हणून मीही लावली. जाणार कुठे? काय माहीत! पुढे तळं आहे, मग कॅनडा!

मधल्या गावात, त्या मक्याच्या शेतातल्या घरी, शेजारी ओपल होती. काळी—म्हणजे, हो, काळीच. पीचचा कॉब्लर—फळांवर पीठ घालून भाजलेला गोड पदार्थ हो—करून आणायची, आणि माझ्या कॉफीला तोंडावर गटाराचं पाणी म्हणायची. निघालो त्या दिवशी कुंपणाशी येऊन म्हणाली, का गं चाललीस? म्हटलं, शाळा. तर म्हणते, डॉटी, गॅरीचं लग्न ठरलंय! मी आपली हसले. रडू येत होतं खरं तर.

असो. घर कोणासाठी बघताय? आईसाठी? तिला कशाला हो शाळा—हां, नातवंडं सांभाळायला, बरोबर. नाव काय आईचं?

...

ओपल?

...

कॉब्लर करते अजून?

ए पोरी, चल, नीघ इथून! हे घर विकायचं नाही! आधी ती पाटी उपट—अगं, जोर लाव! आणि शेजारचं घर बघ, त्याचं तळघर खरंच कोरडं आहे, माझ्याकडे पावसात गुडघाभर पाणी असतं. जा, घेऊन ये तिला. म्हणावं, कॉफी अजून तशीच आहे.