खांद्याच्या वर

—नाही गं श्रिया, पडला नाही, बसलाय नुसता, बाथरूमच्या दारात. तुझ्या फ्लॅटपर्यंत आवाज आला? कमाल आहे, परवा त्यानं भरलेला कुकर आपटला तेव्हा नाही आलं कुणी वर! ये, बस. बूट राहू देत. सकाळपासून ओकतोय, उभं राहिलं की चक्कर येते म्हणतो—पित्त असेल. अँब्युलन्स? ती कशाला? ठेव तो फोन.

संजीवचं दुखणं तुला माहितीये ना—खांद्यांच्या स्नायूंना सूज. गेल्या वर्षी अशी वेळ आली की शर्ट मी चढवायचा, भांग मी पाडायचा. हात म्हणून खांद्याच्या वर जात नव्हता. बँकेत मोठे साहेब, आणि घरी घास भरवून घ्यायचे! आणि सांगू का? एवढ्या वर्षांत तेवढेच दिवस मी त्याच्याकडे पाठ करून पोळ्या लाटल्या.

मग स्टिरॉइड सुरू झालं. जादूच—दोन दिवसांत हात वर. डॉक्टर खूश, हा खूश, आणि त्याच आठवड्यात माझा हा दात गेला. गोळ्यांनी चिडचिड होते म्हणे. डॉक्टर म्हणाले, मी मान हलवली. आणि आधीच्या घरी, पुंगोलला होतो तेव्हा माझं गळ्याजवळचं हाड मोडलं, ते कुठल्या गोळीनं? कुठल्याच नाही. तेव्हा मी घसरले होते—असं सांगितलं सगळ्यांना. आमचा मुलगा अंकुर इथल्या पोरांसारखं म्हणतो, मा, जस्ट लीव्ह लाह. कुठे जाऊ रे? या देशात राहायचा माझा पास बाबांच्या नोकरीवर, तुझाही त्यांच्याच नोकरीवर!

आता औषध कमी करायचं चाललंय. अगदी सावकाश, महिन्याला एकेक मिलिग्रॅम—डॉक्टरांनी बजावलंय, घाई केलीत तर माणूस कोसळेल, शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. कळतं मला, बीएस्सी झालेय. गोळ्यांची डबी मीच भरते ना. तो कधी बघतो? पांढरी गोळी ती पांढरी गोळी. कॅल्शियमचीही पांढरीच असते.

—अशी बघू नकोस माझ्याकडे! त्याला मारायचं नव्हतं गं मला. हात फक्त खांद्याच्या वर जायला नको होता, बास. परवा कुकर माझ्या डोक्यात घालायला उचलला त्यानं, तर छातीपर्यंतच आला, कळवळून ओट्यावर आपटला. मी वरण पुसत होते आणि हसत होते. हसत होते मी, श्रिया.

ऐकलंस? हाक मारतोय. आवाज बघ कसा आलाय... नंबर काढून ठेव. पण लावू नकोस अजून, आधी बघून येते—

हात दे म्हटलं त्याला. हात नाही उठला. बोटंसुद्धा नाही हलली गं.

लाव फोन. सांग त्यांना, स्टिरॉइड अचानक बंद झालंय. कुणी केलं विचारलं तर बायकोनं, नंदा नाव. सांग स्पष्ट. आणि मग जा तू. दार लावू नकोस—उघडंच राहू दे.