बिनधुराची शेगडी आणि बावीस पावलं

मंडळी, टाळ जरा थांबवा. पखवाजही. धोंडीबा, हात मांडीवर ठेव — आज तुझ्या बोटांना सुट्टी!

एक प्रश्न विचारतो. अगदी लहान. "बघून आलो" — एवढे दोन शब्द तोंडातून काढायचे, तर माणसाला किती पावलं चालावी लागतात?

हसता काय? सोपं वाटतंय? शेजारचा आजारी असतो. कुणी विचारतं, "काय म्हणतोय तो?" आपण म्हणतो, "बघून आलो की! बरा आहे." कधी गेलो होतो? गेलोच नव्हतो! रस्त्यानं जाताना दार उघडं दिसलं, एवढंच. दार उघडं म्हणजे माणूस बरा — हे कुठल्या पोथीत लिहिलंय? मला तरी अजून सापडलेलं नाही, आणि पोथ्या वाचण्यात माझी पस्तीस वर्षं गेली!

ऐका. आज गजराक्काचं पहिलं पुण्यस्मरण. बाराला फुलं टाकायची आहेत. तिचा एकुलता एक लेक सर्जेराव इथं पुढ्यात बसलाय. रीत अशी की अशा दिवशी बुवानं गेलेल्या माणसाचे गुण गावेत, लोकांनी डोळे पुसावेत, आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायला बसावं. आज रीत मोडणार आहे. आज ज्याचे अवगुण गायचे तो माणूस जिवंत आहे.

परगावचे पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो. आमची ही वरची आळी. कौलारू घरं, पाठीमागं डोंगर. गजराक्काचं घर आणि माझं घर समोरासमोर, मध्ये रस्ता आणि चिंच. माझ्या उंबऱ्यापासून तिच्या उंबऱ्यापर्यंत बावीस पावलं. मोजली आहेत मी. कधी मोजली, ते पुढं येईल.

आता आमच्या आळीची एक चाल होती. सकाळी उठलं की आधी देवाकडं नाही, शेजारणीच्या कौलांकडं बघायचं! कौलांतून धूर निघाला, म्हणजे चूल पेटली. चूल पेटली, म्हणजे माणूस उठलं. आणि ऊन अंगणात आलं तरी धूर नाही, म्हणजे? म्हणजे काहीतरी झालं! मग कुणी विचारत बसत नसे. एकदा गजराक्का तापानं पडली होती. धूर दिसला नाही, तर ह्या तारूवहिनी — त्या बघा, बायकांत तिसऱ्या रांगेत — पेजेचं पातेलं घेऊन हजर! त्यांच्यामागं आणखी चार जणी. अक्का अंथरुणातून ओरडली, "अगं, मी मेले न्हाई अजून! एवढ्या जणी कशाला आलासा?" तर तारूवहिनी काय म्हणाल्या? "मेल्यावर आलो असतो तर पेज कुणी खाल्ली असती?"

अशी आळी होती हो! आता बघा पुढं काय झालं.

अक्काला दमा. चुलीपुढं पन्नास वर्षं बसलेली बाई. फुंकणीनं फुंकून फुंकून छाती पोकळ झालेली, डोळे लाल. डॉक्टर म्हणाले, धूर बंद करा. गॅस घ्या म्हटलं, तर अक्का म्हणते, "त्यो बाँब घरात नगं!" झालं, संपला विषय.

सर्जेराव पुण्याला एका मोठ्या हॉटेलात कामाला. तिथं गच्चीवर टेबलं, आणि थंडीत टेबला-टेबलावर ही एवढीशी शेगडी. लोक तिच्याभोवती हात शेकत बसतात. आग दिसते, ऊब लागते, धूर मात्र नाही! पोराच्या मनात कोण आलं? आई आली. मंडळी, हे विसरू नका. टेबलावरची आग बघून ज्याला आईची छाती आठवते, तो लेक वाईट नाही.

मार्गशीर्षात पोरगं शेगडी घेऊन आलं. चकचकीत पत्र्याची, दुहेरी भिंतीची, खाली भोकं, वर भोकं. अक्का म्हणाली, "आगं बया! ही काय तुळशीची कुंडी म्हनायची?"

"आई, शेगडी हाय ही. हिला धूर येत न्हाई."

"धूर न्हाई? मग इस्तू खोटा व्हय रं?"

मग त्यानं जळणाची पिशवी सोडली. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. पेलेट म्हणतात त्याला. अक्कानं ओंजळीत घेतल्या, वास घेतला आणि म्हणाली, "ह्या तर लेंड्या! शेळीच्या घातल्या तर चालतील का?" तेव्हापासून आळीत त्याचं नाव लेंड्याच पडलं.

पहिल्या दिवशी काय गंमत! चूल पेटवायची सवय. अक्कानं शेगडी काठोकाठ भरली, खालच्या भोकातून काडी सारली आणि घेतली फुंकणी! असा धूर झाला, की चिंचेवरचे कावळे उठले! सर्जेराव धावला. म्हणाला, "आई, पाच गोष्टी ध्यानात ठेव. वरच्या भोकांच्या खालपर्यंतच भर. कापूर ठेवून वरनं पेटव. लेंड्या कोरड्या ठेव, भिजल्या की धुपतात. आणि फुंकू नको, ती तिची तिची वारा घेती. पेटवायची ती मागच्या पडवीतच, मोकळ्या हवेत. धूर नसला तरी बंद खोलीत जीव जातो."

अक्का शिकली. दोन दिवसांत तरबेज! लोहाराकडून तिवई करून घेतली, तिच्यावर चहा, डाळ, भाकरी. एका माणसाचं लागतं किती? जुनी चूल सारवून बंद केली, वर कळशी ठेवली. खोकला कमी झाला. छातीतली घरघर गेली. चारचौघींत सांगायची, "माज्या लेकानं माजा धूर काढला."

आणि आम्ही? आम्ही कौलांकडं बघायचं सोडलं. बघायचं काय? धूरच नाही! बिनधुराची शेगडी आहे, सुखात आहे म्हातारी. काळजी मिटली.

मी त्याच्याही पुढं गेलो! पौषात सप्ताह बसला. सोमवारी सकाळचं कीर्तन माझं. मी शेगडीचाच दाखला दिला. म्हटलं, "ह्या शेगडीत धूर नसतो असं नाही. होतो! पण वरच्या भोकांतून तापलेला वारा येतो आणि धूर बाहेर पडायच्या आत जाळून टाकतो. मंडळी, मन असं असावं! आत काहीही होवो, बाहेर धूर दिसू नये!" काय टाळ्या पडल्या! धोंडीबा, तू तर मान डोलावून डोलावून टोपी पाडलीस.

त्याच वेळी, मंडळी, त्याच सकाळी गजराक्का मागच्या पडवीत पाय घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना. हाक मारत होती. आणि देवळावरचा भोंगा माझा आवाज साऱ्या डोंगराला ऐकवत होता — आत काहीही होवो, बाहेर दिसू नये! माझ्या आवाजाखाली तिची हाक बुडाली. आळीतले सगळे मांडवात. संध्याकाळी आले, ते दमून दारं लावून झोपले.

मंगळवार उजाडला. मी अंगणात दात घासत होतो. फोन वाजला. सर्जेराव!

"बुवा, आई कालपास्नं फोन उचलंना. जरा बघता का?"

मी म्हटलं, "बघतो की!"

तोंडात ब्रश. कीर्तनाला उशीर. मान वर केली, आणि काय दिसलं? अक्काच्या घरामागून धूर! चांगला दाट, करडा, कौलांवरून वर चढणारा. मला काय वाटलं? लेंड्या संपल्या असतील, म्हातारीनं जुनी चूल पेटवली असेल. धूर आला म्हणजे चूल पेटली, चूल पेटली म्हणजे माणूस उठलं. आळीचं शास्त्र! मला बरं वाटलं हो. खरंच बरं वाटलं. तोंड धुतलं, गंध लावलं, आणि मग फोन केला.

"सर्जेराव, बघून आलो. बरी आहे तुझी आई. स्वयंपाक चाललाय. फोन कुठं ठेवला ते विसरली असेल."

पोरगं म्हणालं, "लई उपकार झालं, बुवा."

बावीस पावलं! मी किती चाललो? एक नाही.

बुधवारी सकाळी तारूवहिनींची शेळी दावं तोडून अक्काच्या परसात शिरली. वहिनी तिच्यामागं धावल्या आणि किंचाळल्या. आमच्या आळीत चाळीस उंबरे, पण अक्काला शोधली ती शेळीनं. मी धावलो. तेव्हा मोजली पावलं. बावीसच भरली.

वहिनी जीप आणायला पळाल्या. पडवीत मी आणि अक्का, दोघंच. ओठ फुटलेले, अंग गार. शेजारी शेगडी होती, हात पुरेल इतक्या जवळ. मंडळी, मी शेगडीत वाकून बघितलं. शेगडी काठोकाठ भरलेली. लेंड्या भिजून फुगलेल्या, अर्ध्या काळ्या. तांब्या आडवा, रिकामा. पदराची चिंधी खालच्या भोकात कोंबलेली. काड्यांची पेटी संपलेली. आणि हाताशी फुंकणी!

कळलं का? लेकानं जे जे करू नको म्हणून सांगितलं होतं, ते ते सगळं तिनं केलं होतं. जाणून केलं! प्यायला होतं तेवढं पाणी लेंड्यांवर ओतलं. खालून पेटवलं. त्या मोडक्या छातीनं फुंकलं. आवाज पोचत नाही, पण आळी धूर वाचते, हे तिला ठाऊक होतं. ज्या धुरानं तिची छाती खाल्ली, त्याच धुराला तिनं आमच्याकडं पाठवलं. जा, सांग, मी पडलेय.

धूर आला होता हो. माझ्यापर्यंत आला होता.

अक्कानं डोळे उघडले. मला ओळखलं. म्हणाली, "बुवा, धूर केला हुता मी काल. दिसला न्हाई व्हय?"

काय सांगू? सांगा ना! इथं एवढे शहाणे बसलात, काय सांगायला हवं होतं?

मी म्हटलं, "न्हाई अक्का. न्हाई दिसला."

तिनं डोळे मिटले. म्हणाली, "मग माजंच चुकलं. लेंड्या नीट भिजल्या न्हाईत."

तालुक्याच्या दवाखान्यात तिची शुद्ध गेली ती गेली. तिसऱ्या दिवशी अक्का संपली.

सर्जेराव, खाली बघू नकोस, इकडं बघ. वर्षभर तू काय समजून बसलास? बुवांनी मंगळवारी आईला धडधाकट बघितली, नंतर ती पडली, एकच रात्र पडून होती. नाही रे. दोन रात्री. आणि मधला एक अख्खा दिवस, जो माझ्या हातात होता. तू त्या शेगडीला दोष दिलास. मी आणली म्हणून आई तिथं गेली, तिथं घसरली — असं म्हणत ती नदीत टाकलीस. मी काठावर उभा होतो, आणि तुझ्या पाठीवर हात ठेवून तुला धीर देत होतो! शेगडीनं तिचं काम चोख केलं. धूर नको होता तेव्हा दिला नाही, हवा होता तेव्हा दिला. खोटा ठरलो तो मी. तुझ्याशी एकदा, तिच्याशी एकदा. तू उठून मला चार लोकांत मारलंस तरी हा बुवा हात वर करणार नाही. माफी मी मागणार नाही. जिनं द्यायची, तिला मी खोटं सांगून वाटेला लावलं.

पोरा, बस. रड. तारूवहिनी, त्याच्याजवळ जा.

आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही मघापासून माझ्याकडं बघताय — कसला हा बुवा, कसला हा माणूस! बरोबर आहे. पण मला एक सांगा. आज ह्या मांडवात कोण नाही?

इकडं तिकडं बघा. महिपतीनाना कुठं आहेत? घरात एकटा जीव, पण पुण्यस्मरण कुणाचंही असो, पहिल्या रांगेत टेकून बसणारा माणूस. काल हरिपाठाला होते का? नव्हते. परवा?

कोण बोललं ते मागून? मोठ्यानं बोला! "त्यांचा टीव्ही चालू आहे, येताना ऐकला." हां! टीव्ही चालू आहे. म्हणजे नाना बरे आहेत. असंच ना? कालही चालू होता, परवाही चालू होता. दिवस-रात्र चालू आहे! ऐकलात ना सगळ्यांनी?

मग बसलात काय?

फुलं थांबतील. जेवणं थांबतील. आज गजर नाही, आरती नाही, चिपळ्या मी खाली ठेवल्या. धोंडीबा, ऊठ, जीपवाल्याला हाक मार. चला! नानांच्या दारापर्यंत किती पावलं आहेत, मला ठाऊक नाही. आज मोजायची आहेत.