वाचेल ना गं ती?

...आणि वर मलाच विचारतात, 'एवढ्या मोठ्या घराला जिना एकच कसा?' आता मला सांगा, मी बांधलाय का तो जिना? तुम्हाला सांगते, मी साधी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावायचं आणि संध्याकाळी घरी येऊन एखादी जाडजूड कादंबरी उघडून तिच्यात गडप व्हायचं, एवढंच काय ते माझं सुख! जुन्या अभिजात म्हणा, भुताखेतांच्या म्हणा, ड्रॅगन-जादूगारांच्या म्हणा, सगळ्या माझ्या कपाटात, कव्हरं घालून, ओळीनं... आणि या सुखावर आमच्या सासऱ्यांनी पाण्याचा फवारा सोडला हो!

फवारा अगदी खराच म्हणा ना, कारण सासरे आमचे अग्निशमन दलातले. निवृत्त. पण निवृत्त झालेत हे अजून त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. तर झालं असं, की त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर पालथं झोपायचं, वाचायचं नाही, टीव्ही नाही, मोबाइल नाही आणि डोळा चोळायचा तर मुळीच नाही! जन्मभर घंटा वाजली की धावत सुटणारा माणूस, तो उशीत तोंड खुपसून करणार काय? घरातल्या गॅसच्या नळ्या तपासायला लावल्या आमच्या ह्यांना, तीन-तीनदा! शेवटी हेच मला म्हणाले, "अगं, तुझी ती पुस्तकं वाचून दाखव ना बाबांना. झोप तरी लागेल त्यांना."

झोप!

पहिलं घेतलं भुताचं. काय सुंदर कादंबरी! डोंगरावर एकटं घर, वारा घोंघावतोय, नायिका हातात मेणबत्ती घेऊन त्या लांबलचक बोळातून निघाली आहे, माझा आवाज आपोआप खाली गेला, अंगावर काटा... आणि उशीतून गर्जना, "थांब!"

मी दचकले. म्हटलं, टाके उसवले की काय!

"पडदे कसले आहेत तिथे?"

"अं? मखमली..."

"मखमली! आणि ही बया उघडी ज्योत घेऊन निघाली? वाऱ्यात?"

"अहो बाबा, कादंबरी आहे ती!"

"असेल! जिने किती आहेत?" तिथे तो जिना निघाला. बरं, पुढे भूत आलं, चांगलं कण्हत-कुथत आलं, मलाच घाम फुटला, आणि हे शांतपणे म्हणतात, "त्याला राहू दे. तो आधीच मेलाय. बाकीच्यांना बाहेर काढ."

म्हटलं, भुताचं नको, ड्रॅगनचं घेऊ. त्यात आग आहे, आवडेल त्यांना... मूर्ख मी! तो राजपुत्र जादूची तलवार शोधत सात राज्यं पालथी घालतोय, इकडे ड्रॅगन गाव जाळतोय, आणि आमची चौकशी सुरू. "हा प्राणी डोंगरावर कधीपासून आहे?"

"हजार वर्षं."

"आणि गावातली छपरं?"

"...गवताची."

पालथे झोपलेले सासरे ताडकन उठून बसले! "हजार वर्षं! हजार वर्षांत एकाही शहाण्याला वाटलं नाही की विहिरीपाशी चार बादल्या भरून ठेवाव्यात?"

"अहो बाबा, कादंबरी आहे ती! भविष्यवाणी आहे तशी, की तलवारीनंच..."

"भविष्यवाणीनं आग विझते?"

आणि सर्वांत वाईट सांगू का, मलाही दुसरं काही सुचेनासं झालं हो! एकटी वाचायला बसले तरी राजकन्येचं रूप दिसत नाही, गवताची छपरं दिसतात! पंचवीस वर्षांचं माझं वाचन, एका आठवड्यात धुऊन गेलं.

मग मी निक्षून ठरवलं, आता अभिजात. भूत नाही, ड्रॅगन नाही, जिन्यांची भानगड नाही. चारशे पानं लोक दिवाणखान्यात बसतात आणि कोणी कोणाकडे का पाहिलं याचा विचार करतात. आणि आश्चर्य म्हणजे सासरे रमले! त्यातली गरीब शिक्षिका त्यांना फार आवडली. "पोरगी शहाणी आहे. झोपताना दिवा विझवते." रोज मी दवाखान्यातून आले की चपला काढायच्या आत, "काय म्हणतेय आपली पोरगी?"

आणि मग ती पावसात भिजली.

मी ही कादंबरी किती वेळा वाचलेली, शेवट पाठ, पण माझ्या डोक्यात आलंच नाही हो! ताप आला, छाती भरली, श्वास लागला... आमच्या सासूबाई अशाच गेल्या. अगदी अशाच. त्याबद्दल हा माणूस आजवर अवाक्षर बोललेला नाही. मी पान उलटलं, पाहते तर समोर शेवटचा श्वास. उशीतून ना गर्जना, ना चौकशी. फक्त, इतक्या बारीक आवाजात...

"वाचेल ना गं ती?"

आता म्हणायचं ना मी, अहो बाबा, कादंबरी आहे ती? म्हणवेना! हा माणूस आता रडणार, डोळे चोळणार... आणि मी, जिनं पुस्तकाचं पान दुमडलं म्हणून सख्ख्या मैत्रिणीशी बोलणं टाकलं होतं, ती मी, समोर मरण छापलेलं असताना, खणखणीत आवाजात वाचते, "तिनं डोळे उघडले. ताप उतरला होता!" सुटलेच मी! तिला भूक लावली, खिडकी उघडायला लावली, उठून बसवलं, आणि घाबरून त्याच दमात लग्नही लावून टाकलं!

सासरे शांत झोपले. मला झोप नाही. केवढी थोर कादंबरी, आणि मी तिची काय दशा केली!

पुढे डोळा बरा झाला. एक दिवस घरी येते तर सासरे खुर्चीत, हातात भिंग, मांडीवर तीच कादंबरी, शेवटचं पान! लग्न पुन्हा वाचायचं होतं म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी. माझ्या हातातला डबाच पडला.

"पोरी, इथे तिला पुरतायत."

"बाबा, मी... तुम्हाला त्रास नको म्हणून..."

उठले. खोलीत गेले, दार लोटलं. मी भांडी घासते आहे आणि डोळ्यांतून पाणी, म्हटलं, माझ्यावरचा विश्वास गेला या माणसाचा. तेवढ्यात मागून आवाज. पुस्तक हातात.

"हा लेखक कोण आहे?"

"वारले ते... कधीच."

"बरंय." माझ्याकडे बघेनात, नळाकडे बघत बोलत होते. "अगं, आम्हाला शिडी लागायची, पाणी लागायचं, वेळेत पोचावं लागायचं. तरी एखादं माणूस हातातून जायचं. घरातलं सुद्धा गेलं. याला काय लागत होतं? नुसतं लिहायचं होतं, वाचली म्हणून! एक शब्द! तेवढा यानं लिहिला नाही, तो तू लिहिलास."

"पण बाबा, केवढं मोठं पुस्तक आहे ते, असं बदलायचं नसतं..."

"का? कादंबरीच आहे ना ती?"

घ्या!

तेव्हापासून स्वतःला वाचता येत असूनही संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसतात. "तूच वाच. तुझं वाचणं बरं असतं." काल त्यांनी माझ्या कपाटातून जादूगारांच्या महायुद्धाचं पुस्तक काढलं, वीट आहे नुसती! उघडते तर पहिल्याच पानावर दहा हजार सैनिक रणांगणात पडलेले. मी हताश होऊन त्यांच्याकडे पाहिलं. तर मला धीर देतात...

"घाई नाही गं. बघ, जेवढे जमतील तेवढे."